विंचूरच्या शिवारातले इलेक्ट्रॉन

मोरचूद निळा का? विंचूरच्या द्राक्षबागांत बोर्डो हे बुरशीनाशक फवारणाऱ्याला हा रंग रोजचाच. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि चुना, की झालं एक टक्का बोर्डो. त्यातल्या तांब्याच्या अणूत २९ इलेक्ट्रॉन असतात: २, ८, १८, १. मोरचुदात त्यातले दोन निघून गेलेले असतात, त्यामुळे १८ च्या कवचात एक जागा रिकामी पडते. तिथे उडी मारायला इलेक्ट्रॉन उजेडातला तांबडा-नारिंगी भाग गिळतो आणि निळा आपल्यासाठी उरतो.

हाच खडा शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीत तापवा. पाणी उडतं, खडा पांढराफटक! तांबं तेच, इलेक्ट्रॉनही तेवढेच. फक्त शेजारचे पाण्याचे रेणू गेले, उडीची उंची बदलली आणि रंग पळाला. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा निळा.

ही कवचं कांद्याच्या पापुद्र्यांवरून मुलांना पटकन समजतात, पण तिथे थांबू नये. पापुद्रा जागचा हलत नाही. इलेक्ट्रॉन मात्र नेमका कुठे आहे हे सांगताच येत नाही, कुठे सापडण्याची शक्यता किती एवढंच गणित सांगतं. बाहेरच्या कवचातलाही कधी थेट केंद्रकापाशी सापडू शकतो!

कांद्याचा झोंबरा वास गंधकाचा. गंधकाची मांडणी २, ८, ६ आणि ऑक्सिजनची २, ६. बाहेर दोघांचेही सहाच, म्हणून दोघे एकाच घराण्यातले.

आता खरी कमाल. विंचूरजवळच्या लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारलं. तिथे कोबाल्ट-६० असतो. त्याचं केंद्रक एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकून निकेलचं होतं आणि मग गॅमा किरण सोडतं. पाण्याच्या रेणूतला इलेक्ट्रॉन उपटायला साडेबारा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा पुरते. या किरणांची ऊर्जा दहा लाखांच्या वर. कांद्यात इलेक्ट्रॉन पटापट उखडले जातात, कोंबाच्या पेशींतला डीएनए बिघडतो आणि चाळीतला कांदा कोंब धरत नाही. सड मात्र याने थांबत नाही, चाळीची हवा खेळती हवीच.

मात्रा किती? ६० ते ९० ग्रे (ग्रे म्हणजे दर किलोमागे शोषलेल्या ऊर्जेचं एकक). एवढ्या ऊर्जेने कांदा एका अंशाच्या चाळिसाव्या भागाइतकाही तापत नाही! आणि हे किरण अणूच्या केंद्रकाला धक्का लावत नाहीत, म्हणून असा कांदा किरणोत्सारी होत नाही. तो बिनधास्त खावा.

२००७ मध्ये याच केंद्रात विकिरण करून आंबा अमेरिकेला गेला. त्याला ४०० ग्रे लागतात, कारण तिथे बंदोबस्त कोंबाचा नसतो, कोयीत दडलेल्या किडीचा असतो.