बारसं झालं, पण आईची तपासणी झाली का?

शेजारच्या वहिनींची गोष्ट सांगते. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात त्यांच्या रक्तात साखर जास्त निघाली. बिचाऱ्यांनी कडक पथ्य पाळलं, इन्सुलिनच्या सुया टोचून घेतल्या. मुलगी सुखरूप झाली, साखर उतरली आणि घरातल्यांनी ‘सुटलीस गं बाई!’ म्हणत सुस्कारा सोडला. दवाखान्याची फाइल कपाटात गेली, ती गेलीच. सहा वर्षांनी सारखी तहान, थकवा, रात्री दोन-तीनदा उठणं सुरू झालं. ‘घरकामाचा शीण’ म्हणून वहिनींनी वर्ष काढलं. शेवटी पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं, तर मधुमेह चांगलाच मुरलेला!

मैत्रिणींनो, यात वहिनींची चूक नव्हती. साखर उतरली तरी धोका उरतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा सुमारे सात ते दहापट असते.

असं का होतं?

पोटात बाळ वाढत असताना वारेतून जे स्राव निघतात, ते इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. मग स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन तयार करावं लागतं. ज्यांच्या स्वादुपिंडाला ते झेपत नाही, त्यांची साखर चढते. वार पडली की ओझं उतरतं आणि साखरही उतरते. पण आपल्या शरीराची ताकद कुठे कमी पडते, ते एकदा कळून चुकलेलं असतं. वय आणि वजन वाढलं की तीच उणीव पुन्हा डोकं वर काढते.

‘मी तर बारीक आहे, मला कसली साखर?’ असंही म्हणू नका हं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापं छापली होती. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं; पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपल्याकडची चरबी अशी लपून बसते.

सव्वा महिन्यानंतर काय कराल?

बाळ सहा आठवड्यांचं झालं की आपण त्याला लस टोचायला नेतो. तोच दिवस आईच्या तपासणीचा ठरवा. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. दोन तासांनंतरचा आकडा १४०च्या आत असला तर छान. १४० ते १९९ म्हणजे धोक्याची पायरी. २००च्या पुढे, किंवा उपाशीपोटी १२६ व त्यापुढे गेला, तर मधुमेह समजून लगेच डॉक्टरांना भेटा. आकडा चांगला आला तरी दरवर्षी साखर पाहाच. आणि दुसऱ्या बाळाचा विचार कराल, तेव्हा दिवस राहण्याआधीच तपासून घ्या.

डिंकाच्या लाडवाचं काय?

आई आणि सासूबाई मायेनं करतात, त्यांचं मन मोडू नका. पण लाडू लिंबाएवढा वळा आणि दिवसाला एकच खा. ‘गूळ चालतो’ हा गैरसमज. गुळानंही साखर चढतेच. अळिवाची खीर, शिरा आणि लाडू एकाच दिवशी नकोत. त्याऐवजी मुगाची आमटी, मेथीची भाजी, भाकरी, दूध, अंडं पोटभर घ्या. बाळाला अंगावर पाजलंत, तर तुमचाही मधुमेहाचा धोका कमी होतो. डॉक्टरांनी होकार दिला, की रोज अर्धा तास भरभर चालायला लागा. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांना बाळंतपणात साखर होती आणि नंतर धोक्याच्या पायरीवर होत्या, अशा बायकांनी चालणं वाढवलं, थोडं वजन उतरवलं, तर मधुमेह जवळजवळ निम्म्यावर आला.

साखरेचं झालं, तसंच रक्तदाबाचं. गरोदरपणात दाब चढून लघवीतून प्रथिनं जात असतील, तर पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट होतो. तेव्हा दाबही दरवर्षी मोजून घ्या. आणि कुठल्याही दुखण्यासाठी डॉक्टरांकडे गेलात तरी ‘मला बाळंतपणात साखर होती’, ‘दाब होता’ हे आपणहून सांगा.

आता एक काम आजच करा. कपाटातली ती जुनी फाइल काढा आणि साखरेचा कागद बाळाच्या लसीच्या कार्डाला टाचून ठेवा. मूल दहा वर्षांचं झालं असलं तरी उशीर झालेला नाही. घरात नुकतीच बाळंत झालेली लेक, सून, जाऊ असेल, तर बाळाला काजळ-तीट लावता लावता तिला एवढं जरूर विचारा, ‘तुझी साखर पाहिलीस का गं?’