हिवाळा पचवणारा घास

आमच्या नगरकडे नुसतं ‘घास’ म्हटलं की लसूणघासच. पाणी असलं की दर २५-३० दिवसांनी कापायचा आणि गाईपुढे टाकायचा. वाण राहुरीचा आरएल-८८, नाहीतर गुजरातचा आनंद-२. द्विदल पीक, मुळांवर नत्राच्या गाठी, प्रथिनं भरपूर, उगम इराण-मध्य आशियाच्या बाजूचा; एवढं कुठल्याही कृषिपुस्तिकेत सापडेल. मला वेड लागलं ते याच घासाच्या लडाखी भाऊबंदांचं.

लेह सुमारे ३,५०० मीटरवर. वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर, हिवाळ्यात पारा उणे २०च्या आसपास. तिथे लसूणघासाला ‘ओल’ म्हणतात. सिंधूकाठच्या एका गावात, वितळलेल्या बर्फाच्या पाटालगत, मी या घासाच्या दोन जाती शेजारी शेजारी पाहिल्या. बांधावर पिवळ्या फुलांची फाल्काटा, जमिनीसरसी पसरलेली, शेंगा विळ्यासारख्या वाकड्या. शेतात जांभळ्या फुलांची सटायव्हा, म्हणजे आपला नेहमीचा लसूणघास, ताठ उभी, शेंगा पिळदार. आणि मधल्या पट्ट्यात दोघींचा संकर! फुलं हिरवट, मळकट पांढरी, काही चक्क काळपट. पिवळं आणि जांभळं रंगद्रव्य एकाच पाकळीत उतरलं की असा गोंधळ होतो. माझा पाय तिथून निघेना.

शेताच्या मालकीणबाई, अमा-ले, हसत होत्या. त्यांनी विळ्याच्या टोकाने माती उकरली. सोटमुळाचा माथा दोन बोटं खाली दबलेला, त्यावर इवलेसे गुलाबी कोंब. “ये बचेगा तो अगले साल घास,” त्या म्हणाल्या.

सगळं शास्त्र त्या माथ्यापाशीच आहे. दिवस लहान होऊ लागले की थंडीचे वाण वाढ आवरतात आणि साखर मुळात साठवतात. उष्ण भागातले वाण मात्र कोंब फेकतच राहतात आणि कडाक्यात सापडतात. म्हणून शरदातल्या कापणीनंतर महिन्याभरात घास किती उंच झाला हे मोजून वाणांना १ ते ११ क्रमांक देतात. १ म्हणजे गाढ झोपणारा, ११ म्हणजे जवळजवळ न झोपणारा.

इथे वेंडेलिन ग्रिमची गोष्ट सांगायलाच हवी. हा जर्मन शेतकरी १८५७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात गेला, तेव्हा सोबत सुमारे नऊ किलो बी होतं. तिथल्या हिवाळ्यात बराचसा घास मेला. ग्रिम दरवर्षी वाचलेल्या रोपांचं बी धरत गेला आणि त्यातून थंडीला दाद न देणारा वाण उभा राहिला. नंतर कळलं की त्यात फाल्काटाचंही रक्त होतं.

त्यामुळे एकाच उन्हाळ्यातल्या हिरव्या वजनावर वाणांची तुलना केलेली दिसली की माझं डोकं फिरतं. कापणीनंतर सटायव्हा भराभर फुटते, फाल्काटा रेंगाळते. पहिल्या वर्षी निकाल ठरलेलाच. चौथ्या वसंतात दर चौरस मीटरला किती रोपं जिवंत आहेत, ते मोजा. शिवाय सगळ्या वाणांना एकाच तारखेला शेवटची कापणी देणं हा अन्यायच. कडक थंडीआधी मुळं भरायला चार-सहा आठवडे मिळायलाच हवेत. नुब्रासारख्या खालच्या खोऱ्यातली तारीख चांगथांगच्या ४,००० मीटरवरच्या पठाराला लावून कसं चालेल?

जाता जाता सेनफॉइनचं नाव घेतो. गुलाबी तुऱ्यांचं हे द्विदल कोरड्या, चुनखडीच्या जमिनीत तगतं, आणि टॅनिनमुळे ओला पाला खाऊनही जनावराचं पोट फुगत नाही. लसूणघासाला ते कधीच जमलं नाही.