घरचा डबा, पण रुळावरचा!

कुणाच्या दारात जुनी मोटार असते, कुणाची शिडाची होडी किनाऱ्याला बांधलेली असते. अमेरिकेत काही जणांकडे आख्खा रेल्वेचा डबा आहे! स्वतःच्या नावावर, कागदपत्रांसकट. लांबी 85 फूट. आत झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल आणि काही डब्यांना मागे उघडा सज्जा. ठरलेल्या दिवशी हा डबा प्रवासी गाडीच्या शेपटाला जोडायचा आणि घरासकट निघायचं. ही गोष्ट राजेरजवाड्यांच्या काळातली नाही, आजची आहे. ‘ॲमट्रॅक’ ही तिथली राष्ट्रीय प्रवासी रेल्वे पैसे घेऊन असे खासगी डबे ओढून नेते आणि डबेमालकांची 1977 पासून स्वतःची संघटनाही आहे.

हत्ती घ्याल, पण पोसाल कसा?

डबा विकत घेणं हा या हौसेतला स्वस्त भाग. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. जुन्या डब्यांत दिवे-पंखे 32 व्होल्टच्या बॅटरीवर चालायचे, ती बॅटरी चाकाच्या आसावर फिरणाऱ्या जनित्रावर चार्ज व्हायची आणि थंडीत ऊब मिळायची ती इंजिनातून आलेल्या वाफेची. काही डब्यांचं वातानुकूलन तर चक्क बर्फाच्या लाद्यांवर चालायचं! आजच्या गाडीत इंजिनाकडून 480 व्होल्टची वीज येते. म्हणजे सगळी वायरिंग उपसून नवी टाकायची. संडास पूर्वी थेट रुळांवर रिकामे व्हायचे, आता टाकी बसवावी लागते. ब्रेक, चाकं, बेअरिंग, सगळं ॲमट्रॅकच्या कसोटीला उतरलं आणि तपासणीचा शिक्का मिळाला, तरच डबा मुख्य मार्गावर येतो. शिक्का नसेल तर तुमचा राजवाडा यार्डातच उभा.

मग भाडं. ते मैलावर लागतं. मैलाला चार डॉलर धरले, तर शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलला जाणाऱ्या ‘कॅलिफोर्निया झेफिर’च्या मागे लागून साधारण 2,400 मैल जायला साडेनऊ हजार डॉलर. तेही एका बाजूचे! शिवाय शंटिंग, उभं राहायची जागा, पाणी, टाकी उपसणं, सगळ्याचं बिल वेगळं. म्हणून बरेच मालक डबा हौशी प्रवाशांना भाड्याने देतात आणि त्यातून देखभालीचा खर्च काढतात. हौसेला मोल नसतं म्हणतात, इथे मात्र मैलागणिक मोल लागतं.

घेणाऱ्यांची नजर बहुधा फिलाडेल्फियाच्या ‘बड’ कंपनीच्या डब्यांवर असते. ते स्टेनलेस स्टीलचे, त्यामुळे सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतरही अंग गंजत नाही. छतावर काचेचा घुमट असलेला बडचा डबा मिळाला, तर रॉकी पर्वत डोक्यावरून जाताना दिसतो. माझं मत विचाराल, तर लाकूडकामाने मढवलेल्या ‘पुलमन’ कंपनीच्या जुन्या डब्यापेक्षा हाच घ्यावा.

129 टनांचा राष्ट्राध्यक्ष

या जगातला सगळ्यात भारी डबा म्हणजे ‘फर्डिनंड मॅगेलन’. भारी दोन्ही अर्थांनी. 1929 मध्ये पुलमन कंपनीने तो साध्या भाडोत्री प्रवासासाठी बांधला. दुसऱ्या महायुद्धात राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यासाठी 1942 मध्ये त्याला चिलखत चढवलं गेलं: भोवती पोलादी पत्रा, खिडक्यांना तीन इंच जाडीची गोळीरोधक काच आणि संकटात बाहेर पडायला पाणबुडीत असतात तसे दोन दरवाजे. वजन गेलं 2,85,000 पौंडांवर, म्हणजे जवळपास 129 टन. आणि सरकारने त्याची किंमत मोजली फक्त 10 डॉलर!

पोलिओमुळे रूझवेल्टना हिसक्यांत तोल सावरणं कठीण जायचं, म्हणून त्यांची गाडी संथ चाले. त्यांच्यानंतर आलेल्या ट्रूमनना वेगाची आवड. ताशी 80 मैलांनी चाललेली गाडी त्यांना फार आवडायची. 1948 ची निवडणूक त्यांनी या डब्याच्या मागच्या सज्जातून लढवली. गाव आलं की गाडी थांबे, ट्रूमन सज्जात येत, बोलत आणि पुढे निघत. प्रतिस्पर्धी ड्युई यांच्यापुढे त्यांचा पराभव सगळ्यांनी गृहीत धरला होता. निकालानंतर सेंट लुईस स्टेशनात ‘ड्युईने ट्रूमनला हरवलं’ असा चुकीचा मथळा छापलेला ‘शिकागो ट्रिब्यून’ हसत उंचावणारे ट्रूमन तुम्ही फोटोत पाहिले असतील. तो फोटो याच सज्जातला. मॅगेलन आता मायामीच्या ‘गोल्ड कोस्ट’ रेल्वे संग्रहालयात आहे.

याउलट नशीब अब्राहम लिंकन यांच्या डब्याचं. त्यांच्या प्रवासासाठी खास बांधलेला ‘युनायटेड स्टेट्स’ हा डबा 1865 च्या सुरुवातीला तयार झाला. जिवंतपणी ते त्यात कधी बसले नाहीत. त्या एप्रिलमध्ये हत्येनंतर त्यांचं शव त्यातून गावी नेलं गेलं. 1911 मध्ये मिनिआपोलिसजवळच्या वणव्यात तो डबाही जळाला. मधल्या काळात त्यांचा मुलगा रॉबर्ट लिंकन पुलमन कंपनीचा अध्यक्ष झाला होता.

या झगमगाटामागची माणसंही सांगायला हवीत. पुलमनच्या डब्यांत बिछाने घालणारे, बूट पॉलिश करणारे पोर्टर बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. पगार तुटपुंजा, भिस्त बक्षिशीवर, आणि प्रवासी प्रत्येकाला मालकाच्या, म्हणजे जॉर्ज पुलमनच्या नावाने ‘जॉर्ज’ अशीच हाक मारत. 1925 मध्ये फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना उभारली आणि बारा वर्षं झुंजून 1937 मध्ये बलाढ्य कंपनीला करार करायला लावला. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याची एक वाट या डब्यांतून गेली आहे. डब्यांतल्या महोगनी लाकडाच्या चकाकीइतकाच हा इतिहासही जपला गेला पाहिजे.

हौशी मंडळी

लुशियस बीबी हे पत्रकार आणि त्यांचे साथीदार चार्ल्स क्लेग यांच्याकडे एकामागून एक दोन डबे होते. दुसरा, ‘व्हर्जिनिया सिटी’, आतून व्हेनिसच्या महालासारखा सजवलेला, आणि प्रवासात सोबत टी-बोन टाऊझर नावाचा सेंट बर्नार्ड कुत्रा! पहिला ‘गोल्ड कोस्ट’ सॅक्रामेंटोच्या रेल्वे संग्रहालयात पाहता येतो.

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे 1904 मध्ये सुरू झाली. ती उभारणाऱ्या ऑगस्ट बेलमाँट यांनी त्या भुयारातही स्वतःचा डबा फिरवला. ‘मिनिओला’ त्याचं नाव, आत स्वयंपाकघरसुद्धा!

उद्योजक जेम्स शेरवुड यांनी 1977 मध्ये माँटे कार्लोच्या लिलावात ‘ओरिएंट एक्सप्रेस’चे दोन जुने डबे घेतले. मग युरोपभर शोधून आणखी डबे जमवले आणि 1982 मध्ये लंडन-व्हेनिस गाडीच सुरू केली.

पण माझा सगळ्यात लाडका किस्सा पेनसिल्व्हेनियातला. 1969 मध्ये एका गृहस्थाने मालगाडीच्या गार्डाच्या 19 जुन्या डब्यांसाठी भंगारभावापेक्षाही कमी बोली लावली आणि तो विसरून गेला. काही महिन्यांनी निरोप आला: तुमचे डबे उचला! त्याने त्यांचं हॉटेल केलं. 1970 पासून लोक त्या डब्यांत मुक्काम करताहेत.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे असा डबा म्हणजे सलून. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी तर रेल्वे जेवणाच्या टेबलावर आणली. जयविलास महालात चांदीची इवली गाडी पाहुण्यांपुढे सिगार आणि मद्य फिरवायची. ती तिथे आजही पाहायला मिळते. आणि सलूनचा हा योगायोग बघा: मार्च 2018 मध्ये ॲमट्रॅकने स्पेशल चार्टर गाड्या जवळजवळ बंद केल्या. पुढच्या काही आठवड्यांत खासगी डबे मधल्या स्टेशनांवर जोडण्या-सोडण्यावरही बंधनं आली आणि मालकांचे धाबे दणाणले. त्याच मार्च महिन्यात आपल्या रेल्वेने साहेबांचं सलून पहिल्यांदा सामान्य प्रवाशाला भाड्याने दिलं. दिल्लीहून कटऱ्याला जाणाऱ्या जम्मू मेलला ते जोडलं होतं.

अमेरिकेत तुमचा मुलगा, बहीण किंवा मित्र राहत असेल, तर पुढच्या खेपेला एखाद्या मोठ्या स्टेशनात ॲमट्रॅकच्या लांब पल्ल्याच्या गाडीचं शेपूट जरूर बघा. बाकीच्या गाडीशी न जुळणारा, बाजूला नाव रंगवलेला डबा दिसला, तर तो बहुधा कुणाचा तरी स्वतःचा असेल. सज्जात कुणी उभं असेल तर बेलाशक चौकशी करा. डबेमालकाला आपल्या डब्याबद्दल बोलायला नक्की आवडेल.