मारेकरी पेशींची जागल

बुलढाण्याकडे पीक हाताशी आलं की शेतकरी रात्री जागलीला जातो. अंधारात सळसळ झाली की विचारतो, "कोण आहे रे?" ओळखीचा आवाज आला तर ठीक, नाहीतर हात काठीकडे. चोराचा चेहरा आधी माहीत असायला हवा, असं थोडंच आहे?

तुमच्याआमच्या रक्तात अशीच जागल चालते! हे जागले म्हणजे 'नॅचरल किलर' पेशी. १९७५ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांना हे नाव दिलं. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी 'मी घरचीच' अशी प्रथिनांची खूण अंगावर वागवते. विषाणू शिरला, कर्करोग झाला, की ती खूण बरेचदा पुसली जाते. मारेकरी पेशी ती खूण चाचपते. खूण नाही आणि धोक्याची लक्षणं आहेत, असं दिसलं की समोरच्या पेशीला भोकं पाडून आत अशी रसायनं सोडते, की ती पेशी आपली आपणच संपते.

पण घरचेच राखणदार फितूर झाले तर? मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात तेच होतं. मोटारीच्या केबलीवर प्लास्टिक असतं, तसं मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं. टी पेशी नावाचे शरीराचे दुसरे राखणदार तेच कुरतडू लागतात. नजर धूसर होते, पाय जड पडतात. आपल्याकडे हा आजार तुलनेने कमी. मात्र मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात तो ठळकपणे आढळतो, हे डॉ. नोशीर वाडियांनी १९९० मध्ये दाखवून दिलं.

मग मारेकरी पेशी या आगीत तेलच ओतत असतील ना? इथेच खरी नवलाई आहे. डॅक्लिझुमॅब नावाचं औषध टी पेशींचा खुराक तोडण्यासाठी दिलं गेलं. रुग्णांना उतार पडला. रक्त तपासलं, तर टी पेशी फार घटल्याच नव्हत्या! त्यांच्या तोंडचा खुराक मारेकरी पेशींच्या एका खास जातीला मिळाला होता, आणि ती जात फोफावली होती. ती चवताळलेल्या टी पेशींनाच टिपते, हे २००६ मध्ये उघड झालं. मारेकरी म्हणून नाव पडलेल्या पेशी इथे घरचं भांडण मिटवत होत्या!

ते औषध २०१८ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं; काही रुग्णांच्या मेंदूला गंभीर सूज आली, यकृताला इजा झाली. मारेकरी पेशी आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांच्यातला धागा मात्र तुटला नाही. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटी लोकांच्या नोंदींवरून दिसलं, की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर या आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो. या विषाणूने बाधलेल्या पेशींवर पहारा कोण देतं? इतर राखणदारांच्या जोडीने याच मारेकरी पेशीही. आणि हा विषाणू जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात जन्मभर दडून असतो. हे वाचताना तुमच्याही रक्तात ती जागल बहुधा चालूच आहे.