पक्ष्याचे छायाचित्र घेताना

पक्ष्यांची छायाचित्रे घेण्यासाठी कर्नाळ्यालाच जायला हवे असे नाही. अंगणातल्या जास्वंदीवर मध प्यायला येणारा शिंजीर पुन्हा पुन्हा त्याच झुडपाकडे वळतो. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन खिडकीआड स्वस्थ बसा. पंखांची फडफड स्पष्ट टिपायची असेल, तर १/१००० सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ पुरे. फोकस मात्र डोळ्यावर हवा.

भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. उडतानाचे चित्र मिळावे म्हणून नाव त्यांच्या अंगावर नेणारे महाभाग असतात. त्यात पक्ष्यांची खाण्याची वेळ आणि शक्ती, दोन्ही वाया जातात.

खरा धोका घरट्यापाशी आहे. शिंप्याचे घरटे नीट दिसावे म्हणून काही जण भोवतालची पाने छाटतात. पण त्याच पानांमुळे पिल्लांना ऊन लागत नाही आणि कावळ्याला ती दिसत नाहीत! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर संरक्षित पक्ष्यांच्या घरट्यांना उपद्रव देणे हे शिकारीतच मोडते.

चोचीत अळी धरलेला पक्षी घरट्यात न शिरता फांदीवर अस्वस्थपणे उड्या मारत राहिला, तर तुम्ही फार जवळ आला आहात असे समजा. लगेच मागे सरा.