क्रोझेचे ऑर्का : काय खातात, किती उरले?



वर्गात समुद्राचा धडा सुरू झाला की मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो : “गुरुजी, किलर व्हेल माणसाला खातो का?” मोकळ्या समुद्रात त्याने माणसाचा जीव घेतल्याची एकही खात्रीची नोंद नाही, असे मी सांगतो, तेव्हा मुलांची थोडी निराशाच होते. खरे पाहता हा डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. तामारिनच्या समुद्रात सकाळी उड्या मारणाऱ्या आपल्या डॉल्फिनांचा हा चुलताच म्हणा ना. शास्त्रज्ञ त्याला ऑर्का म्हणतात.

ऑर्का सर्व काही खातो, असे पुस्तकांत लिहिलेले आढळते. सगळी जात मिळून पाहिली तर ते खरे आहे. पण एकेक कळप पाहिला तर चित्र वेगळे दिसते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एकाच पाण्यात दोन प्रकारचे ऑर्का राहतात. एक मासे खातो, दुसरा सील मारतो, आणि दोघांत सोयरीकही होत नाही. मासे खाणाऱ्यांपैकी दक्षिणेकडचा समाज मुख्यतः चिनूक नावाच्या साल्मन माशावर जगतो. चिनूक कमी झाला, शिवाय पाण्यात विषारी रसायने आणि जहाजांचा गोंगाट वाढला. अमेरिकेने २००५ मध्ये या समाजाला संकटग्रस्त ठरवले. आज ते जेमतेम ७५ च्या आसपास आहेत. डोळ्यांसमोर सील पोहत असतात, पण त्यांच्या लेखी ते अन्नच नव्हे! आईने जे खायला शिकवले तेच खायचे, अशी यांची रीत.

आता आपल्या हिंदी महासागराकडे वळू. मॉरिशसहून दक्षिणेकडे सुमारे तीन हजार किलोमीटर गेले की फ्रान्सच्या ताब्यातली क्रोझे बेटे लागतात. थंडी, वारा, पेंग्विन आणि संशोधकांचे एक ठाणे. दुसरी वस्ती नाही. तेथील ऑर्का पेंग्विन खातात, लहान जातीचे देवमासे मारतात, आणि हत्तीसीलची पिल्ले तर थेट किनाऱ्यावर चढून पकडतात. लाटेबरोबर वाळूवर यायचे, पिल्लू धरायचे आणि अंग घुसळत पुन्हा पाण्यात जायचे. जरा चुकले तर जनावर तेथेच अडकून मरायचे. म्हणून आई लेकराला शेजारी घेऊन रिकाम्या किनाऱ्यावर हा धडा गिरवून घेते, अडकलेच तर ढकलून पाण्यात आणते. हे शिकायला कित्येक वर्षे लागतात. आम्हा शिक्षकांना इतका धीर कोठला!

याखेरीज त्यांना आवडतो टूथफिश. शेजारच्या रीयुनियन बेटावर त्याला लेजीन म्हणतात. खोल पाण्यातला, चरबीदार आणि फार महाग मासा. १९९६ च्या सुमारास क्रोझेभोवती त्याची मासेमारी सुरू झाली. समुद्राच्या तळाशी हजारो गळांची लांबच लांब दोरी सोडतात. ती वर ओढताना ऑर्का गळाचे मासे अलगद काढून घेतात. ताटात वाढलेले कोण सोडतो?

परवान्याच्या जहाजांबरोबर चोरटी जहाजेही आली. मासे पळवणाऱ्या ऑर्कांवर त्यांनी बंदुका आणि स्फोटके चालवली, असे संशोधकांनी नोंदवले आहे. पाठीवरच्या पंखाच्या छायाचित्रांवरून तेथे एकेका ऑर्काची ओळख ठेवली जाते. त्या नोंदींप्रमाणे, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० च्या सुमारापर्यंत त्यांची संख्या निम्म्याहून खाली गेली. हत्तीसील घटले होते हेही एक कारण असावे, पण चोरट्यांचा हात मोठा होता. ज्यांचे सोबती मेले त्यांच्यापैकी पुढे ज्यांना घट्ट सोबत मिळाली नाही, तेही लवकर मेले, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मादीला पिल्लू होते ते साधारण पाच वर्षांतून एकदा. भर निघणार कधी?

आपल्या वाचकांना हे कडू वाटेल, पण सांगितले पाहिजे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा चोरीचा मासा पोर्ट लुईच्या बंदरातही उतरत असे. दक्षिण महासागराच्या सजीवसंपत्तीच्या रक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात मॉरिशस २००४ मध्ये सामील झाला.

जगातील सर्व ऑर्कांचा एकत्रित दर्जा विचाराल तर निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या लाल यादीत २०१७ च्या मूल्यमापनाप्रमाणे “माहिती अपुरी” एवढाच शेरा आहे. काही जण याचा अर्थ “धोका नाही” असा घेतात. निकालपत्रकात विद्यार्थ्यापुढे “गैरहजर” लिहिले म्हणून तो पास झाला, असे आपण मानतो का? शिवाय एकेका समाजाचे अन्न निराळे, दुखणे निराळे. साऱ्यांना एकच शेरा कसा पुरणार?

क्रोझेभोवती आता कडक पहारा आहे आणि रीयुनियनहून निघणारी परवान्याची जहाजे तेथे मासे धरतात. गळाला लागलेल्या माशांपैकी सुमारे तिसरा हिस्सा ऑर्का आणि स्पर्म व्हेल मिळून फस्त करतात. २०१० मध्ये गळांऐवजी पिंजरे लावून पाहिले. त्यांत मासेच फार थोडे आले. म्हणून ऑर्का दिसला की कप्तान दोरी घाईने वर ओढतो आणि जहाज शंभर किलोमीटर दूर नेतो. ऑर्का मागोमाग येतात.