अद्भुत आणि तपशील : रिचर्ड डॅडचे एक चित्र

अद्भुताकडे वळलेला चित्रकार सूक्ष्म तपशिलात इतका का रमतो, हा प्रश्न इंग्रज चित्रकार रिचर्ड डॅड (१८१७–१८८६) याच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो. मनोविकाराच्या भरात १८४३ साली त्याने पित्याची हत्या केली. पुढे बेथलेम रुग्णालयात बंदिस्त असताना, १८५५ ते १८६४ या काळात, त्याने ‘द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक’ हे चित्र रंगविले. तथापि अद्भुताची ही ओढ मनोविकाराचे लक्षण मानता येत नाही. त्याचे ‘टायटेनिया स्लीपिंग’ हे परीचित्र १८४१चे, म्हणजे हत्येपूर्वीचे आहे.

कारण अधिक मूलगामी आहे. वास्तवदर्शी कलाकृतीतील रिकाम्या जागा रसिक स्वानुभवाने भरून काढतो. अद्भुताला असा बाहेरचा साक्षीदार नसतो. त्याची विश्वसनीयता तपशिलालाच सिद्ध करावी लागते. म्हणूनच जेमतेम ५४ सेंटिमीटर उंचीच्या या चित्रात गवताचे पातेन् पाते रेखाटलेले आहे. सारे जीव खिळून पाहत आहेत, आणि कठीण कवचाच्या फळावर उगारलेली कुऱ्हाड अजून खाली आलेली नाही.

मेक्सिकन कवी ओक्ताव्हिओ पास यांनी राजस्थानातील गलत्याच्या वाटेवर रचलेल्या ‘एल मोनो ग्रामातिको’ (स्पॅनिश आवृत्ती १९७४) या ग्रंथात याच चित्राचा विचार केला आहे. त्यांच्या दृष्टीने ते प्रतीक्षेचे चित्र होय. तपशील येथे सजावट नसून थांबलेल्या काळाचे रूप आहे.